गट चालवणारीला राग येतो तेव्हा

परळ-लालबागच्या चाळींत नवऱ्याच्या व्यसनाने गांजलेल्या बायांचे गट आम्ही चालवतो. त्या बायांना काय वाटतं, हे सगळे विचारतात. गट चालवणारीच्या मनात काय चाललंय, हे मात्र कोणी विचारत नाही. नर्सिंगमध्ये आम्हाला चेहरा कोरा ठेवायला शिकवलं. वॉर्डात ते खपून जातं, गोल करून बसलेल्या गटात नाही.

एखादी ताई चौथ्यांदा म्हणते, 'मनाने चांगले आहेत हो, पिल्यावरच मारतात.' आपला जबडा आवळला जातो. कधी चक्क झोप येते, आणि पुष्कळदा ती झोप म्हणजे दाबलेला रागच असतो. यात लाजण्यासारखं काही नाही. इंग्लंडचे डॉ. डोनाल्ड विनिकॉट यांनी १९४९ सालीच लिहिलं की उपचार करणाऱ्याला रुग्णाचा द्वेषही वाटतो आणि तो त्याने स्वतःशी ओळखायला हवा. पुढच्या वर्षी पॉला हायमान यांनी मांडलं की अशी भावना हे रुग्णाला समजून घेण्याचं साधन आहे. म्हणजे त्या ताईला घरी दाखवता न येणारा संताप आपल्या अंगात उतरलेला असू शकतो.

अर्थात सगळंच तिचं नसतं. १९८२च्या संपानंतर चुली थंडावलेल्या घरांत आमच्यातल्या काहीजणी वाढल्या. म्हणून आधी पाय जमिनीला टेकवायचे, श्वास सावकाश सोडायचा, लगेच बोलायचं नाही. मग गटाला विचारायचं, 'हे ऐकताना बाकीच्यांना काय होतंय?' बहुधा दुसरीच कोणीतरी तो राग बोलून दाखवते. 'मला तुमचा राग येतोय' असं म्हणून आपलं ओझं तिच्यावर टाकू नये.

जातीवरून टोमणा आला तर गोष्ट वेगळी. 'तुमच्या लोकांत हे चालायचंच' असं कोणी म्हणालं, की तो राग मनात तपासत बसायचा नाही. बोलणं तिथेच थांबवायचं, आणि ते जोडीदार गटचालिकेने थांबवावं. जिला लागलं तिलाच उत्तर द्यायला लावू नये. नंतर 'मनावर घेऊ नका' म्हणणारा मार्गदर्शक आम्हाला नको.

म्हणून गट दोघींनी चालवावा. संपल्यावर पंधरा मिनिटं तिथेच बसून बोलावं. लोकलमध्ये नको, चाळीतली बातमी दादर येईपर्यंत पसरते. महिन्यातून एकदा बाहेरच्या अनुभवी व्यक्तीसमोर मन मोकळं करावं. झोप उडाली, घरच्यांवर चिडचिड होऊ लागली आणि दोन आठवडे तसंच राहिलं, तर केईएमच्या मानसोपचार ओपीडीत जावं, नाहीतर टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलावं.