तळाचा मासा तळ झाडत नाही

बदलापूरच्या मांजर्लीतल्या फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची तर समुद्र विकत घ्यावा लागतो. आरओच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम खास मीठ विरघळवायचे. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत जवळपास २५० लिटर पाणी मावते. त्याचा पाचवा हिस्सा बदलायचा म्हटले तरी पावणेदोन किलो मीठ खर्ची पडते, शिवाय आरओतून वाया जाणारे पाणी वेगळेच. त्यात टाकीत ट्रिगर, पफर, लायनफिश असे दांडगे मांसाहारी असले की कोळंबीचे, बोंबलाचे तुकडे वाळूत जाऊन कुजतात. मग साहजिकच वाटते की तळाला राहणारा एखादा मासा सोडावा. तो पडलेले खाईल, वाळू स्वच्छ ठेवील आणि वरच्या गुंडांच्या वाटेला जाणार नाही. ही अपेक्षा मुळातच चुकीची आहे. दांडग्यांच्या टाकीत तळाचा मासा सफाईसाठी घेण्यात अर्थ नाही. तो कोणाच्या तोंडात मावतो आणि त्याच्या स्वतःच्या पोटाला काय लागते, एवढ्याच दोन गोष्टींवर निवड ठरते.

सफाईची कल्पना गोड्या पाण्यातून आलेली आहे. तिथे दुकानदार 'सकर' देतो आणि तो काचेवरचे शेवाळ खरोखरच खरवडतो. खाऱ्या पाण्यात त्याच्या जागी वाळू चाळणाऱ्या गोबींकडे बोट दाखवले जाते. पण गोबी वाळू चाळते ती त्यातले बारीक जिवंत किडे वेचायला. विष्ठा किंवा कुजलेली कोळंबी तिच्या उपयोगाची नाही. लहान टाकीतले हे किडे लवकर संपतात आणि वेगळे खाणे दिले नाही तर गोबी खंगत जाते. दांडग्यांच्या टाकीत मात्र खंगायची वेळही बहुधा येत नाही, कारण त्याआधी लायनफिशने तिला गिळलेले असते. गोगलगायी आणि शंखातले खेकडे तर ट्रिगरचे रोजचे खाद्यच. त्याचे दात कवच फोडण्यासाठीच आहेत. समुद्रकाकडीचे नावही सुचवले जाते, पण तिला २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा तो विषय तिथेच संपतो. आणि कोणताही मासा खाल्लेले पुन्हा पाण्यातच सोडतो. टाकीत एक तोंड वाढले की अमोनिया वाढतो, कमी होत नाही.

दुसरी समजूत मजल्यांची आहे: वरचे वर राहतील, खालचे खाली, मग भांडण कशाला? ट्रिगरला हे मजले ठाऊक नसतात. तोंडातून पाण्याची चूळ मारून वाळू उडवायची आणि खाली दडलेले खाद्य उघडे पाडायचे, ही त्याची शिकारीची रीत. रात्री तो दगडांच्या फटीत काटा अडकवून झोपतो. ज्या वाळूवर आणि ज्या फटींवर तळाच्या माशाचे जगणे अवलंबून असते, त्यांच्यावर त्याचाही हक्क असतो. 'पोटभर खायला दिले की त्रास देत नाही' हा युक्तिवादही टिकत नाही. हद्दीच्या भांडणाचा भुकेशी संबंध नसतो, आणि लायनफिश तोंडात मावेल ते भूक नसतानाही घेतो.

मग मोठाच घ्यावा, असे कोणी म्हणेल. इथे बांबू शार्कचा मोह होतो. ही तळावर पडून राहणारी मुशी आपल्या किनाऱ्यावरचीच आहे, आणि तिचे अंडे किंवा वीतभर पिल्लू देखणे दिसते. शार्क म्हणजे टाकीचा राजा, ही समजूत मात्र उलटी आहे. बांबू शार्क संथ असते, आणि ट्रिगर व पफर तिचे पर आणि डोळे कुरतडतात. पूर्ण वाढल्यावर ती पाऊण ते एक मीटर होते, तर टाकीची रुंदी ४५ सेंटिमीटर. तिला धड वळताही येणार नाही. दुसरा मोह काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या 'बंबलबी ग्रूपर'चा. हे पिल्लू म्हणजे हेकरूच्या जातीतला सर्वांत मोठा मासा, जायंट ग्रूपर. तो अडीच मीटरच्याही पुढे वाढू शकतो आणि भारतात तोही २००१ पासून संरक्षित आहे.

उरतात त्यांत स्नोफ्लेक मोरे ईल सर्वांत पटण्यासारखी. ईल म्हणजे सगळे मासे खाणारी, हा आणखी एक गैरसमज. हिचे दात बोथट असतात आणि ते खेकडे, कोळंबी चिरडण्यासाठी आहेत. मोठ्या माशांना ती सहसा हात लावत नाही. फार लहान मासा मात्र तिच्याबरोबर ठेवू नये. तिची नजर अधू असल्याने ती वासावर जगते, म्हणून चिमट्याने थेट तोंडाशी खाणे द्यावे. नाहीतर वरचे मासे तिचा वाटा पळवतात. झाकणाला बोटभर फट राहिली तरी ती बाहेर पडते. दगडांवर बसून टेहळणी करणारा, वीतभर वाढणारा फ्रेकल्ड हॉकफिशही दांडग्यांत टिकतो. इंजिनिअर गोबी नावाने गोबी असली तरी त्या कुळातली नाही. ती फूटभर वाढते आणि वाळूखाली बोगदे खणते. तिच्यासाठी दगड वाळूवर न ठेवता थेट तळाच्या काचेवर टेकवावे लागतात, नाहीतर एक दिवस ते कोसळतात. पट्टेरी ईल कॅटफिश लहानपणी थव्याने गोंडस दिसते, पण तिचे काटे विषारी आहेत. लायनफिशचेही तसेच. काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांच्या आत, तो भाग बुडवून ठेवावा आणि डॉक्टर गाठावा.

दुकानात दांडग्या माशांसोबत तळाचे मासे सुखाने नांदताना दिसतात, हा आक्षेप ऐकू येतो. पण तिथे बहुतेक पिल्ले असतात आणि ती थोडेच दिवस राहतात. ट्रिगरचा स्वभाव वाढीबरोबर उलगडतो. टाकीत सोडण्याचा क्रमही महत्त्वाचा: नरम मासे आधी, ट्रिगर सगळ्यात शेवटी. बदलापूरच्या उन्हाळ्याचा हिशेबही धरावा लागतो. पारा चाळिशीपार गेला आणि वीज गेली की तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि टाकीतला प्रत्येक जादा मासा त्याच प्राणवायूवर जगत असतो. माशांच्या रोगावर तांब्याचे औषध टाकले तर ईल आणि शार्कला ते सोसत नाही, म्हणून आजारी माशासाठी वेगळी छोटी टाकी हवी. आणि ट्रिगर अंड्युलेटेड जातीचा असेल, तर त्याच्या टाकीत तळाला काहीच सोडू नये. सफाई मात्र आपणच करायची: वाळूचा थर दोन-तीन सेंटिमीटरचा ठेवावा, एका पंपाचा झोत तळाकडे वळवावा आणि उरलेले खाणे नळीने ओढून काढावे.