गठ्ठा सोडवल्याशिवाय

पालघर जिल्ह्यातल्या पोशेऱ्याजवळच्या एका पाड्यावरची जिल्हा परिषदेची शाळा. दुसरीची मुलं जमिनीवर गोल करून बसली आहेत. मधोमध बांबूच्या कामट्या तासून केलेल्या वीतभर काड्यांचा ढीग आणि रबरांची डबी. खेळ सोपा आहे. दोन फासे टाकायचे, पडेल त्या दानाएवढ्या काड्या उचलायच्या. दहा सुट्ट्या झाल्या की रबर लावून गठ्ठा बांधायचा. दहा गठ्ठ्यांची एक मोळी. ज्याची मोळी आधी, तो जिंकला. शंभराला मोळी म्हणायचं हे मुलांनीच ठरवलंय. सरपणाची मोळी इथं घरोघर येते.

नऊच्या वर सुट्ट्या काड्या जवळ ठेवायच्या नाहीत, हा एकच कडक नियम. कुणी ठेवल्या तर शेजारी ओरडतो आणि डाव जातो. त्यामुळे प्रत्येकाचं लक्ष स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही हाताकडे. एका मुलीजवळ आठ सुट्ट्या होत्या आणि दान पडलं पाचाचं. तिनं ढिगातून आधी दोनच उचलल्या, गठ्ठा बांधला आणि मग उरलेल्या तीन घेतल्या. आठ आणि पाच तेरा कसे होतात, हे तिच्या बोटांनी दहाच्या टप्प्यावर थांबून मांडलं. बाईंनी ही युक्ती फळ्यावर शिकवलेली नव्हती. नियमानं ती तिच्याकडून करवून घेतली.

दुसऱ्या दिवशी खेळ उलटा. प्रत्येकाजवळ चार गठ्ठे; जेवढं दान पडेल तेवढ्या काड्या ढिगात परत टाकायच्या. एका मुलाजवळ तीन गठ्ठे आणि दोन सुट्ट्या उरल्या होत्या. दान सातचं. त्यानं दोन टाकल्या आणि थांबला. गठ्ठा हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. बांधलेला गठ्ठा सोडायचा म्हणजे मिळवलेलं घालवायचं, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर होतं. शेवटी त्यानं रबर काढलं, पाच काड्या टाकल्या आणि उरलेल्या मांडून पाहिल्या: दोन गठ्ठे, पाच सुट्ट्या.

बाईंनी तीच वजाबाकी वहीत मांडायला सांगितली. ३२ उणे ७. त्यानं उत्तर लिहिलं ३५. दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन घालवले! ही चूक राज्यभरातल्या वह्यांत सापडते. बाईंनी लाल पेन उचललं नाही. त्यांनी विचारलं, “बत्तीस काड्या होत्या, त्यातल्या सात दिल्यास. मग पस्तीस कशा झाल्या रे?” त्यानं वहीकडे पाहिलं, काड्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, “बाई, गठ्ठा सोडायचा राहिला.” पुस्तकात ज्याला दशक सुटा करणं म्हणतात, ते त्याला स्वतःच्या शब्दांत सापडलं होतं.

मला वाटतं, खेळातून गणित म्हणतात ते हे. गाणी, टाळ्या, रंगीत तक्ते यांनी वर्गात उत्साह येतो, पण खेळाचा नियम आणि गणिताचा नियम एकच नसेल तर मूल खेळ शिकतं आणि गणित बाहेरच राहतं. खेळ संपल्यावर बाई काय विचारतात आणि तो डाव वहीत कसा उतरतो, यावर सगळं अवलंबून आहे.

या जिल्ह्याला ही वाट नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला सुरू केलेलं काम १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं खडे, बिया, पानं, शंख-शिंपले हीच शिक्षणाची साधनं होती. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणावर गेली.

आणि याच जिल्ह्यातलं डहाणू हे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचं जन्मगाव. १९०५ साली जन्मलेला हा माणूस देवळालीला शाळामास्तर होता आणि आयुष्यभर आकड्यांशी खेळला. त्यांचा खेळ याच शाळेत चौथीत चालतो. तीन अंक घ्या, तिन्ही सारखे नकोत. समजा ३५२. त्यांची मोठ्यात मोठी संख्या ५३२, लहानात लहान २३५, वजाबाकी २९७. पुन्हा तसंच: ९७२ उणे २७९, ६९३. मग ५९४, मग ४९५. आणि पुढे कितीही वेळा करा, ४९५च. चार अंक घेतले तर ६१७४ येतात. कापरेकरांनी ते १९४९ साली दाखवलं. मुलांना ४९५ येतंय का, याचीच ओढ. त्या ओढीत हातच्याच्या कितीतरी वजाबाक्या न कंटाळता होतात.

जव्हार-मोखाड्यात अशा खेळांची गरज जास्त आहे. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात, मुलंही बरोबर जातात. परतलेल्या मुलाचे धडे बुडालेले असतात. पण हजार विटांवर मजुरी ठरते, हे त्यानं पाहिलेलं असतं. मोठ्या संख्या त्याला परक्या नसतात. धडा क्रमांक नऊमध्ये त्याला एकदम बसवता येत नाही. काड्यांच्या गोलात मात्र तो पहिल्याच दिवशी बसतो आणि त्याला कुठपर्यंत येतं ते दोन डावांत बाईंना कळतं. दोन शिक्षकांवर चार इयत्ता चालणाऱ्या शाळेत हे लहानसहान सुख नव्हे.

याला फारसा पैसा लागत नाही. बांबू इथं आहे, फासे लाकडाचे करता येतात. लागतो तो वेळ. पाठ्यक्रम कुठवर आला, स्वाध्याय किती तपासले, एवढंच विचारलं गेलं तर काड्यांची डबी कपाटात जाते आणि वह्या पस्तीसांनी भरतात. तपासणीला येणाऱ्यांनी वही मागण्याआधी या गोलात बसावं, फासा टाकावा आणि शेजारच्या मुलाला विचारावं, गठ्ठा का सोडलास? त्याला उत्तर देता आलं, तर त्याचं गणित पक्कं आहे असं खुशाल लिहावं.