टॉर्कफ्लाइटचा बारीक रॉड

ओव्हरटेक करताना अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला, की ऑटोमॅटिक गाडीने एक गिअर खाली उतरून जोर लावायला हवा. हेच किकडाउन. साठ-सत्तरच्या दशकांतल्या अनेक अमेरिकन डॉज आणि प्लिमथ गाड्यांत हे काम क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइट ७२७ कडे होतं. १९६२ मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या कवचात आलेला हा तीन गिअरांचा गिअरबॉक्स मजबुतीसाठी नावाजलेला. तरी तो जळतो, आणि पुष्कळदा त्याचं कारण बाहेरच, कार्बोरेटरजवळ असतं.

टॉर्कफ्लाइटमध्ये संगणक नाही. गिअर कधी बदलायचा हे तेलाचा दाब ठरवतो. मागच्या शाफ्टवरचा गव्हर्नर वेगाबरोबर दाब वाढवून वरचा गिअर पडायला लावतो. कार्बोरेटरकडून निघालेला रॉड गिअरबॉक्सच्या डाव्या अंगाचा लिव्हर हलवतो आणि उलट बाजूने दाब आणतो. पाय जितका खाली, तितका गिअर उशिरा पडतो. क्लच घट्ट धरणारा मुख्य दाबही तितका वाढतो. लिव्हर पार टोकाला गेला की किकडाउन. इंजिनावर किती भार आहे, हे गिअरबॉक्सला फक्त या रॉडमुळे कळतं.

कार्बोरेटर बदलताना रॉड जुळला नाही, की काही जण तो सोडूनच देतात. गाडी चालते, गिअरही पडतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण गिअर लवकर पडतात, दाब कमी राहतो, भाराखाली क्लच घसरतात. मग तेल काळपट होतं आणि त्याला जळका वास येतो.

तपासणी बाहेरून सुरू करावी. इंजिन बंद ठेवून एकाने पॅडल पूर्ण दाबावं, दुसऱ्याने कार्बोरेटरची झडप पूर्ण उघडते का ते बघावं. ती अर्धवट उघडत असेल, तर आधी अ‍ॅक्सिलरेटरची केबल किंवा जोडणी नीट करावी. झडप पूर्ण उघडल्यावर गिअरबॉक्सचा लिव्हरही मागे टोकाला टेकला पाहिजे, आणि पाय काढताच पुढे परतला पाहिजे. टेकत नसेल, तर झिजलेले बुश, वाकलेला रॉड किंवा चुकीची लांबी शोधावी. परतत नसेल, तर स्प्रिंग बघावी. अशा गाडीत गिअर उशिरा आणि झटक्याने पडतात. तेलाची पातळी गाडी गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये मोजावी. पार्कमध्ये मोजल्यास आकडा फसवतो.

एवढं करूनही दुसरा गिअर घसरत असेल, तर तो गिअर धरणाऱ्या पट्ट्याकडे, म्हणजे किकडाउन बँडकडे वळावं. त्याचा स्क्रू गिअरबॉक्सच्या डाव्या बाजूला, बाहेरच असतो. साधारणपणे तो ७२ इंच-पौंडांपर्यंत आवळून दोन फेरे सैल करतात. काही मॉडेलांत फेरे वेगळे असतात, म्हणून त्या वर्षाचं सर्व्हिस मॅन्युअल जवळ ठेवावं.

गिअरबॉक्स खाली उतरवणं खर्चिक, रॉड तपासणं जवळजवळ फुकट. म्हणून आधी रॉड बघा, आणि तो जोडल्याशिवाय अशी गाडी रस्त्यावर काढू नका.