समुद्राचे विरजण

समुद्रकिनारी उभे राहून पाहणाऱ्यास लाटा दिसतात, होड्या दिसतात, क्वचित एखादा मासाही दिसतो. पण समुद्रातील गवत मात्र दिसत नाही. जमिनीवर हरणे आहेत तेथे कुरण असावयाचेच. कुरण नसेल तर हरीण नाही आणि वाघही नाही, हे आपण शाळेतच शिकलो. मग समुद्रातील अगणित मासे कोणत्या कुरणावर जगतात? किनाऱ्यावरील खडकांना चिकटलेले शेवाळ एवढ्या मोठ्या संसाराला पुरणारे नव्हे, आणि खोल समुद्रात उजेड तळापर्यंत पोहोचतच नाही. या प्रश्नाचे उत्तर किनाऱ्यावरून भरून घेतलेल्या ओंजळभर पाण्यात असते. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही, एवढेच. त्या अदृश्य कुरणाविषयी, आणि त्याचा एक लहानसा वाफा घरातल्या बाटलीत कसा जोपासावा याविषयी, येथे विवेचन करण्याचा आमचा हेतू आहे.

समुद्राच्या वरच्या, उजेडाच्या थरात एका पेशीच्या वनस्पती तरंगत असतात. प्रवाहाविरुद्ध पोहण्याची ताकद त्यांना नाही. पाणी नेईल तिकडे त्या जातात. अशा परस्वाधीन जीवांना १८८७ साली व्हिक्टर हेन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी ‘प्लँक्टन’ हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘भटकणारा’ असा आहे. मराठीत आपण त्यांना प्लवक म्हणतो. त्यांतले जे सूर्यप्रकाशावर स्वतःचे अन्न तयार करतात ते वनस्पतिप्लवक, आणि जे त्यांना खाऊन जगतात ते प्राणिप्लवक.

या वनस्पतिप्लवकांचा हिशेब मोठा विलक्षण आहे. पृथ्वीवरील सर्व वनस्पती मिळून सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने जेवढे अन्न निर्माण करतात, त्यातला सुमारे निम्मा वाटा यांचा आहे. आणि तरीही कोणत्याही एका क्षणी जिवंत असलेल्या वनस्पतींचे वजन केले, तर यांचा हिस्सा शेकडा एकाच्या आसपासही मुश्किलीने भरेल. कमाई डोंगराएवढी आणि शिल्लक मूठभर! याचे कारण असे की, यांची वाढ जेवढी झपाट्याने होते, जवळजवळ तेवढ्याच झपाट्याने ते खाल्ले जातात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची तारली तर या वनस्पतींवर थेट चरते. लहानपणी ज्याच्या नावाने आपण नाक मुरडले ते कॉड माशाचे तेलही मुळात याच कुरणातले. त्या तेलातील गुणकारी स्निग्धाम्ले मासा स्वतः फारशी बनवीत नाही. ती सूक्ष्म वनस्पतींनी बनविलेली असतात आणि एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या पोटात जात जात माशापर्यंत पोहोचतात.

आता घरातल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाकडे वळू. काचेच्या पेटीत मीठ मोजून घातलेले स्वच्छ पाणी, वर झगझगीत दिवा, खाली खडक, त्यांवर पोवळी, पिसांसारखे तुरे उघडझाप करणारे नळीकृमी, शिंपले, रंगीत मासे. देखावा समुद्राचा खरा. पण त्या पाण्यात कुरण नसते. जे थोडे उगवते ते गाळणी आणि फेस काढणारे यंत्र उचलून नेते. पाणी जितके नितळ तितका मालक खूष. परंतु पाण्यातून गाळून खाणाऱ्या प्राण्याच्या दृष्टीने नितळ पाणी म्हणजे रिकामे ताट होय. शिंपला ओरडत नाही, नळीकृमी तक्रार करीत नाही. तो आठवडेच्या आठवडे अंगातली शिदोरी खात बसतो, हळूहळू आक्रसतो, आणि एक दिवस मरतो. मालक म्हणतो, ‘पाणी तर उत्तम होते!’ ‘मँडरिन’ नावाच्या देखण्या माशाचीही हीच कथा. तो दिवसभर खडकांवरचे कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपून खातो. ते जीव सूक्ष्म वनस्पतींवर वाढतात. वनस्पती नाहीत म्हणून ते आटतात, आणि मासा भरल्या घरात उपाशी राहतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सर्वच प्राण्यांना या अन्नाची सारखी गरज नसते. ज्या पोवळ्यांच्या अंगातच शैवल राहते त्यांना उजेडातून बरेचसे पोषण मिळते, आणि त्यांतील पुष्कळशी वनस्पतिप्लवकांपेक्षा प्राणिप्लवक पसंत करतात. मासेही हिरवे पाणी पीत नाहीत. खरे गिऱ्हाईक म्हणजे शिंपले, स्पंज, नळीकृमी, काही मऊ पोवळी, आणि मुख्यतः कोपेपॉड व रोटिफेर यांसारखे सूक्ष्म प्राणी. हे शेवटचे गिऱ्हाईक पोसले की त्यांच्या द्वारे बाकीच्यांचेही पोट भरते.

बाटलीत समुद्री वनस्पती वाढविण्याची विद्या काही शौकिनांनी शोधलेली नाही. इंग्लंडात प्लिमथ येथील प्रयोगशाळेत ॲलन आणि नेल्सन यांनी १९१० साली समुद्री प्लवकांच्या कृत्रिम जोपासनेवर निबंध प्रसिद्ध केला. कालवांची पिले पिंपात का वाचत नाहीत, या प्रश्नाने पुढे या विद्येस चालना दिली. आइल ऑफ मॅन या बेटावर मेरी पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनेरी-तपकिरी रंगाचे अगदी बारीक शैवल वेगळे करून कालवांच्या पिलांना खाऊ घातले. त्या शैवलाचे रीतसर वर्णन पार्कबाईंनी १९४९ साली ‘आयसोक्रायसिस गॅल्बाना’ या नावाने केले. जपानात ताकाशी इतो यांनी १९६० साली रोटिफेर हे माशांच्या पिलांचे अन्न म्हणून उपयोगी पडतील असे दाखविले. आणि रोटिफेर पोसावयाचे म्हणजे पुन्हा सूक्ष्म शैवल आलेच. अमेरिकेत गिलार्ड आणि रायथर यांनी १९६२ साली खताचे जे सूत्र प्रसिद्ध केले, त्याचेच निम्म्या मात्रेचे रूप आज घरोघरच्या बाटल्यांत वापरले जाते. आपल्याकडे तुतिकोरीन येथे १९८१ साली मोत्यांच्या कालवांची पिले उबवणीगृहात वाढविण्यात यश आले, तेही याच आयसोक्रायसिसच्या जोरावर. म्हणजे जी गोष्ट आपण दिवाणखान्याच्या कोपऱ्यात करू पाहतो, तिच्यामागे शतकाहून अधिक काळाचा अनुभव उभा आहे.

आता प्रत्यक्ष कृती. पहिला प्रश्न बियाण्याचा. जुहूच्या किंवा मालवणच्या किनाऱ्यावरून बाटलीभर पाणी आणून ते हिरवे होण्याची वाट पाहणे व्यर्थ आहे. त्यात वनस्पतींच्या अनेक जाती असतात, आणि त्यांना खाणारेही असतात. एकाच जातीचे शुद्ध बियाणे जाणकार शौकिनाकडून किंवा प्रयोगशाळेकडून घ्यावे. नवख्याने ‘नॅनोक्लोरोप्सिस’पासून आरंभ करावा. ही पेशी मिलिमीटरच्या हजारांश भागाने मोजली तर दोन ते चार भाग भरते. ती चिवट आहे आणि चटकन रागावत नाही. हात बसल्यावर चार शेपट्यांनी पोहणारी ‘टेट्रासेल्मिस’ आणि वर सांगितलेली आयसोक्रायसिस घ्यावी. एकाच जातीत सर्व पोषणद्रव्ये नसतात. नुसत्या भातावर माणूस धड राहत नाही, तसेच हे आहे.

भांडे म्हणून एक-दोन लिटरची पारदर्शक बाटली पुरे. गाळून शुद्ध केलेल्या पाण्यात मत्स्यालयाचे मीठ लिटरास सुमारे पंचवीस ग्रॅम घालावे. नॅनोक्लोरोप्सिसला समुद्राहून किंचित कमी खारटपणा चांगला मानवतो. पाणी तापवून निवू द्यावे, म्हणजे त्यातले नको ते पाहुणे मरतात. बाटली ब्लीचच्या पाण्याने धुतली असेल, तर उरलेले क्लोरीन हायपोने मारावे. छायाचित्रकारांचा हायपो तो हाच. मग खत. गिलार्ड यांच्या निम्म्या सूत्रात लिटरामागे ७५ मिलिग्रॅम सोडियम नायट्रेट आणि ५ मिलिग्रॅम सोडियम फॉस्फेट असते. शिवाय लोह आदी धातूंचे लेश आणि ब-१, ब-१२ व बायोटिन ही जीवनसत्त्वे. काचेसारखे कवच करणाऱ्या करंडक वनस्पती वाढवावयाच्या असतील तर सिलिकेटही लागते. नॅनोक्लोरोप्सिसला ते लागत नाही. हे खत तयार मिळते. कुंडीतल्या झाडांचे खत वापरण्याचा मोह आवरावा. त्यात तांबे जास्त असल्यास ते शिंपल्यांना आणि पोवळ्यांना विष ठरते.

चार भाग पाण्यास एक भाग बियाणे घालून बाटलीत हवेची ताठ नळी तळापर्यंत सोडावी. बुडबुडे मोठे असावेत. बारीक बुडबुड्यांचा दगड लावू नये, कारण त्याने फेस होतो आणि पेशी फेसाबरोबर वर जाऊन वाळतात. या हवेची कामे तीन: पेशी तळाशी बसू न देणे, प्रत्येकीला आळीपाळीने उजेडात आणणे, आणि कर्बवायू पुरविणे. हवेचा पंप बाटलीतल्या पाण्याच्या पातळीहून उंच ठेवावा. वीज गेली की खाली ठेवलेल्या पंपात नळीतून पाणी उतरते, आणि वीज जाणे आपल्याकडे अपूर्व नाही. उजेडासाठी साधा एलईडी दिवा सोळा तास लावून आठ तास विश्रांती द्यावी. बाटली उन्हात ठेवू नये. ती बघता बघता तापते. पंचवीस अंशांच्या आसपासचे तापमान उत्तम, म्हणून चैत्र-वैशाखात घरातला सर्वांत थंड कोपरा शोधावा.

पहिले दोन-तीन दिवस काही घडत नाहीसे वाटते. मग रंग भरू लागतो. एकीच्या दोन, दोहोंच्या चार अशा दहा पिढ्या झाल्या की एका पेशीच्या हजारावर पेशी होतात. म्हणून काल फिकट दिसलेले पाणी आज गर्द दिसते. आठवड्या-दहा दिवसांत बाटलीच्या एका मिलिलिटरात पेशींची संख्या कोटींच्या घरात जाते. येथेच खरी कसोटी आहे. पाणी आणखी गर्द व्हावे म्हणून थांबणारा बहुधा फसतो. खत संपते, पेशींची दाटी होऊन आतपर्यंत उजेड पोहोचत नाही, वाढ खुंटते. मग पाणी पिवळट पडते, गुठळ्या होतात, वास सुटतो आणि एका रात्रीत सारे पीक बसते. काढणी ऐन भरात करावी: खत बहुतेक संपले आहे, पण पेशी अजून जोमात आहेत अशा वेळी. निम्मे पाणी काढावे आणि तितकेच नवे खतपाणी घालावे.

दुसरा शत्रू रोटिफेर. त्याचा एखादा थेंब हाताला, चमच्याला, हवेच्या नळीला लागून आला की हिरवी बाटली काही दिवसांत निवळशंख होते. बाटली भिंगाखाली धरावी. पांढरे ठिपके हलताना दिसले तर ती बाटली गेली असे समजावे. म्हणून रोटिफेर आणि शैवल यांची उपकरणे व हात वेगळे ठेवावेत.

या सर्व उपायांवरचा एक उपाय आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. सुगरण सगळे दही कधीही वाढून टाकीत नाही. उद्याच्या दह्यासाठी चमचाभर विरजण बाजूस ठेवते. तसेच येथे करावे. एक लहान बाटली केवळ विरजणाची. तिच्यातून मत्स्यालयास थेंबही द्यावयाचा नाही, आणि मत्स्यालयातला थेंब तिच्यात येऊ द्यावयाचा नाही. तिच्यावर जातीचे नाव व तारीख लिहावी. मोठ्या बाटल्या बसतात, पुन्हा उभ्या राहतात. विरजण गेले की सारा संसार नव्याने मांडावा लागतो.

काढलेले हिरवे पाणी फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे टिकते. रोज एकदा हलवावे, आणि वास बदलला तर फेकून द्यावे. मत्स्यालयास आरंभी शंभर लिटरांमागे दहा मिलिलिटर पुरे. फेस काढणारे यंत्र तास-दोन तास बंद ठेवून दिवे मालवल्यावर द्यावे. मात्रा हळूहळू वाढवावी आणि पाण्यातील नायट्रेट व फॉस्फेट तपासत राहावे. न खाल्लेले अन्न कुजते आणि उपकाराचा अपकार होतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर सरळ आहे. गाळून खाणारा प्राणी घरी आणणे म्हणजे त्याच्यामागचा समुद्र सांभाळण्याची हमी घेणे होय. रोज बाटली हलविणे आणि दहा दिवसांनी ती निम्मी बदलणे ज्यास जड वाटते, त्याने तो प्राणी आणू नये. कणखर मासे पाळावेत, त्यातही आनंद आहे. पण ज्याने ही बाटली वर्षभर सांभाळली त्याला समुद्राविषयी एक गोष्ट पक्की कळते. मोठा मासा, कोळ्याचे जाळे, बाजारातली पाटी हे सारे त्या न दिसणाऱ्या हिरव्या पेशीवर उभे आहे. आणि तिला लागते काय, तर उजेड, थोडेसे खत, आणि स्वच्छ हात. खाड्यांत आपण काय सोडतो याचा विचार करावयास एवढी समज पुरेशी आहे.