आतड्याच्या कॅन्सरची केमो: घरी काय काय बदलतं?

केमो म्हटलं की डोळ्यांसमोर हॉस्पिटलची खाट येते. पण मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची केमो घेणारे बरेच रुग्ण सकाळी डे-केअरला जातात आणि संध्याकाळी घरी परततात. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं अ‍ॅक्ट्रेक हे केंद्र आहे, शिवाय इतर हॉस्पिटलांतही ही सोय असते. म्हणजे उपचारांचे बहुतेक दिवस घरीच जातात. म्हणूनच काही गोष्टी घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हव्यात.

ही केमो कशी देतात?

ऑपरेशननंतर आजार पुन्हा उलटू नये म्हणून साधारण ३ ते ६ महिने केमो दिली जाते. त्यात दोन पद्धती जास्त वापरल्या जातात.

पहिली 'फोलफॉक्स'. दर १४ दिवसांनी हॉस्पिटलमध्ये ऑक्सॅलिप्लॅटिनचं सलाईन सुमारे दोन तास चालतं. मग एक छोटा पंप जोडून घरी पाठवतात. त्यातलं फ्लोरोयुरासिल ४६ तास थेंबथेंब शरीरात जातं. तिसऱ्या दिवशी पंप काढतात.

दुसरी 'केपॉक्स'. यात पहिल्या दिवशी सलाईन, मग १४ दिवस सकाळ-संध्याकाळ कॅपेसिटाबिनच्या गोळ्या आणि ७ दिवस सुट्टी. गोळ्या जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायच्या असतात.

पंप कमरेच्या पाउचमध्ये ठेवून चालता-फिरता येतं, झोपताना तो उशीशेजारी ठेवता येतो. औषध गळताना दिसलं तर उघड्या हातानं पुसू नका, हातमोजे घाला आणि लगेच हॉस्पिटलला फोन करा. केमोनंतर दोन दिवस संडासात झाकण लावून दोनदा फ्लश करा, कारण औषधाचा अंश मलमूत्रातून बाहेर पडतो.

थंड पाणी का चालत नाही?

ऑक्सॅलिप्लॅटिनचा परिणाम नसांवर होतो. सलाईननंतरचे काही दिवस गार वस्तूला हात लावला तरी झिणझिण्या येतात. फ्रीजमधलं पातेलं, सकाळचं नळाचं पाणी, एसीची थेट हवा, सगळंच बोचतं. गार पाणी प्यायलं तर घसा आवळल्यासारखा वाटतो आणि श्वास अडकल्याची भीती वाटते. सहसा हे थोड्या वेळात जातं, पण खरंच श्वास लागत असेल तर हॉस्पिटल गाठा.

उपाय साधे आहेत. पाणी कोमट प्यायचं. फ्रीज उघडण्याचं काम दुसऱ्यानं करायचं. एसी बस किंवा बेलापूर-पेंधर मेट्रोनं जायचं असेल तर स्कार्फ आणि मोजे सोबत ठेवायचे. मे महिन्याच्या उकाड्यात मोजे घातलेला माणूस बघून लोक हसतील, हसू द्या.

मुंग्या पुढच्या केमोपर्यंत गेल्या नाहीत, शर्टाची बटणं लावता येईनात किंवा पायातून चप्पल निसटू लागली, तर डॉक्टरांना नक्की सांगा. अनेक जण 'केमो बंद करतील' या भीतीनं हे लपवतात. वेळेवर कळलं तर औषधाचा डोस कमी करता येतो. लपवलं तर बधिरपणा कायमचा राहू शकतो.

जेवणाचं काय?

तोंडाला चव नसते, मळमळतं. तीन मोठ्या जेवणांऐवजी थोडं थोडं पाच-सहा वेळा द्या. मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, पेज, उकडलेलं अंडं चालतं. तोंड आलं असेल तर तिखट आणि आंबट टाळा. उघड्यावरची पाणीपुरी, कापून ठेवलेली फळं, उसाचा रस नको.

रोजच्यापेक्षा चार किंवा त्याहून जास्त वेळा जुलाब झाले तर ओआरएस सुरू करा आणि हॉस्पिटलला कळवा. गोळ्यांची केमो चालू असेल तर पुढची गोळी घेण्याआधी विचारा. नातेवाइकांनी सुचवलेला काढा किंवा व्हिटॅमिनची गोळीही विचारल्याशिवाय नको. उदाहरणार्थ, फॉलिक अ‍ॅसिडमुळे कॅपेसिटाबिनचा त्रास वाढू शकतो.

ताप आला तर?

ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी कमी होतात. अशा वेळी साधा संसर्गही काही तासांत जिवावर बेतू शकतो. पावसाळ्यात घरोघरी ताप असतो, म्हणून 'व्हायरल असेल, सकाळी बघू' असं म्हटलं जातं. ती सकाळ उशिराची ठरू शकते.

घरात थर्मामीटर हवाच. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल, थंडी वाजून अंग कापत असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन करून निघा. ताप न मोजता पॅरासिटामॉल देऊ नका, त्यानं ताप लपतो. हॉस्पिटलचा रात्रीचा नंबर फ्रीजवर चिकटवून ठेवा आणि केमोची फाइल हाताशी असू द्या.

कामावर जाता येतं का?

काहींना जमतं, काहींना नाही. सहसा सलाईननंतरचे चार-पाच दिवस थकव्याचे जातात आणि पुढच्या केमोच्या आधीचे दिवस बरे असतात. बँकेची कामं, पाहुणे, मुलांच्या शाळेची मीटिंग त्या दिवसांत ठेवा. या औषधांनी केस सहसा विरळ होतात, पूर्ण टक्कल क्वचितच पडतं. त्यामुळे माणूस बरा दिसतो आणि भेटणाऱ्याला आजार जाणवत नाही. थकवा मात्र खराच असतो.

रक्ताचा रिपोर्ट कमी आला तर केमो आठवडाभर पुढे जाते. उपचार फसले असा त्याचा अर्थ नाही. शरीराला सावरायला दिलेला तो वेळ असतो.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या उपचारांबाबत तुमच्या डॉक्टरांचाच सल्ला घ्या.)