गिरणी बंद पडण्याआधी

आजचा विषय यंत्रांचा आहे. यंत्र म्हटलं की 'ते मिस्त्रीचं काम' म्हणून आपण रेडिओचा आवाज बारीक करतो, तसं आज करू नका. पिठाची गिरणी, मिरची कांडप, शेवयांचं मशीन, दूध थंड करायची टाकी, यातलं काही ना काही आता बऱ्याच गटांकडे कर्ज काढून आलंय. आणि यंत्र थांबलं म्हणून बँकेचा हप्ता थांबत नाही.

आमच्या तालुक्यातल्या एका गटाचं कांडप यंत्र ऐन चैत्रात बंद पडलं. बाहेर मिरच्यांच्या पिशव्यांची रांग आणि आत मोटर जळालेली. मोटर भरून यायला आठ दिवस गेले. तेवढ्यात गिऱ्हाईक शेजारच्या गावाला वळलं, आणि वळलेलं गिऱ्हाईक त्या हंगामात काही परत येत नाही. पुढे बैठकीत यंत्र चालवणारी ताई म्हणाली, "पंधरा दिवस ते वेगळंच वाजत होतं." तिला ऐकू आलं होतं. पण तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि लिहून ठेवायची पद्धतच नव्हती.

मोठ्या कारखान्यांत सध्या ज्या नव्या तंत्राचा बोलबाला आहे, ते या ताईच्या कानाचंच काम करतं. यंत्राला सेन्सर बसवतात. ते थरथर, उष्णता, विजेची ओढ सतत मोजतात, मोजलेलं कॉम्प्युटरकडे जातं आणि कॉम्प्युटर सांगतो की हे यंत्र नेहमीसारखं चालत नाहीये, लवकर बघा. थरथर मोजणारा सेन्सर म्हणजे फार अनोखी वस्तू नाही. मोबाईल आडवा धरला की चित्र आडवं होतं ना, ते ज्या चिपमुळे होतं, तिच्याच जातीचा हा.

कॉम्प्युटरला हे कळतं कसं? आपल्या अंगणवाडीतला वाढीचा तक्ता आठवा. बाळाचं एका महिन्याचं वजन बघून सेविकाताई काही ठरवत नाहीत. दर महिन्याचा ठिपका मांडतात, ठिपके जोडतात आणि रेघ कुठे चाललीय ते बघतात. बाळ डोळ्यांना चांगलं दिसत असतं, पण रेघ सपाट झाली की ताई घरी येऊन विचारतात. यंत्राचंही तसंच. आधी त्याचे चांगले दिवस मोजून ठेवावे लागतात. चांगलं चालताना किती थरथरतं, किती तापतं हे माहीत असेल, तरच बदल कळणार. चांगल्या दिवसांची नोंद नसेल, तर लाखाचा सेन्सरही मुका.

आपल्या रेल्वेनं काही ठिकाणी रुळांनाच सेन्सर बसवलेत. चाकाचा गोलावा एका जागी झिजून सपाट झाला की ते चाक दर फेऱ्याला रुळावर ठोका देतं. गाडी त्या रुळांवरून धावत असतानाच कुठलं चाक जास्त आदळतंय ते मोजलं जातं, म्हणजे ते चाक मोठा घोटाळा करण्याआधी बाजूला काढता येतं.

आता बेअरिंगकडे येऊ, कारण गिरणी असो की कांडप, दुखणं बऱ्याचदा तिथून सुरू होतं. बेअरिंग एका दिवसात जात नाही. आत बारीक चरा पडतो, तेव्हा निघणारा आवाज आपल्या कानाला ऐकूच येत नाही. मग थरथर वाढते. मग घरघर कानाला कळते. आणि हाताला चटका बसेल इतकं तापायला लागतं, ते सगळ्यात शेवटी. म्हणजे 'गरम झालं की बघू' म्हणणारी बाई दाराशी पोचेपर्यंत गाडी सुटायला आलेली असते. कारखान्यातले सेन्सर पहिल्या-दुसऱ्या पायरीला पकडतात, त्यांना कित्येक आठवडे हाताशी मिळतात. आपल्याला कान आणि वही वापरून तिसरी पायरी पकडता येते. तेवढंही पुष्कळ आहे, बेअरिंग मागवायला दोन दिवसच लागतात.

दुधाच्या टाकीची खूण वेगळी. दूध चार अंशांपर्यंत थंड करायचं असतं. तेवढंच दूध, तेवढंच ऊन, आणि चार अंश गाठायला आधीपेक्षा जास्त वेळ लागायला लागला, की काहीतरी बिनसलंय. कदाचित मागच्या जाळीवर धूळ बसली असेल, कदाचित गॅस कमी झाला असेल. दूध नासण्याच्या कितीतरी दिवस आधी घड्याळ हे सांगत असतं.

काही जणी म्हणतील, त्यापेक्षा दर महिन्याला सगळं यंत्र खोलून साफ केलं तर? तेल-पाणी, साफसफाई वेळच्या वेळी हवीच. पण चालतं यंत्र उगाच खोलू नये. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या विमानांच्या नोंदी कॉनरॅड वॉडिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. ठराविक तास उडालेलं विमान तपासणीला घ्यायचं, असा नियम होता. नोंदींमध्ये दिसलं, की तपासणी झाल्याझाल्याच बिघाड वाढत होते आणि नंतर कमी होत जात होते. वॉडिंग्टन मूळचे जीवशास्त्रज्ञ, इंजिनाचे मिस्त्री नव्हेत. त्यांनी आकडे वाचले. ग्रीसचंही असंच आहे, जास्त भरलं तर बेअरिंग उलट तापतं.

आता आपली वही. साडेसात हॉर्सपॉवरची गिरणी आहे असं धरा. पॅनेलवर अँपियर आणि व्होल्टेजचे काटे असतात, रोज समोर असतात म्हणून आपण ते बघत नाही. रोज एकाच धान्याच्या दळणाला, समजा गव्हाला, अर्ध्या तासानं दोन्ही आकडे लिहा. सोबत दहा किलोला किती मिनिटं लागली तेही लिहा. व्होल्टेज लिहायचं कारण असं, की ते उतरलं की तेवढ्याच दळणाला मोटर जास्त अँपियर ओढते. तो दोष वाहिनीचा, यंत्राचा नव्हे. व्होल्टेज सारखं असलेले दिवस एकमेकांशी ताडून बघा. समजा जानेवारीत आठ अँपियर होते, फेब्रुवारीत साडेआठ झाले, आता नऊ. मोटरीवरच्या पट्टीवर अकरा लिहिलंय, म्हणून कुणी घाबरत नाही. पण रेघ चढतेय. दगडांना टाकी लावायची झाली असेल, पट्टा जास्त ओढला असेल, किंवा बेअरिंग जड झालं असेल. दळायला मिनिटंही वाढली आणि पीठ गरम येत असेल, तर आधी दगड बघा.

शेवटचा रकाना 'आवाज, वास, थरथर' असा ठेवा, आणि तो यंत्र चालवणारीनंच भरायचा, अध्यक्षबाईंनी नव्हे. लिहिता येत नसेल तर दुसरीनं तिच्या तोंडचं लिहून घ्यावं, तिच्याच शब्दांत.

महागडे सेन्सर विकायला कुणी आलं, तर त्याला आधी दोन गोष्टी विचारा. इशारा आला की दुरुस्तीला माणूस कोण येणार, आणि किती दिवसांत? इशारे खोटेही निघतात, आणि खऱ्या इशाऱ्यावर कुणी हललं नाही तर तोही फुकट. माझं मत विचाराल, तर वर्षभर वही लिहिलेल्या गटानंच त्याचा विचार करावा. तापमान बघायची बंदूक घेणार असाल, तर कोविडमध्ये कपाळाला लावायची ती चालणार नाही. ती अंगाच्या तापापुरतीच असते. आणि कुठलंही मोजमाप असो, चालत्या पट्ट्याजवळ पदर आणि वेणी नको. हात लावायचाच असेल तर आधी मेन स्विच बंद, आणि स्विचपाशी एक जण उभी.

येत्या मासिक बैठकीत हजेरीच्या वहीशेजारी ही वही ठेवा. पहिल्या पानावर मोटरीच्या पट्टीवरचे आकडे उतरवा, पट्ट्याचा नंबर लिहा, आणि बेअरिंगच्या कडेवर कोरलेला नंबर मिस्त्रीला विचारून घ्या. त्या नंबरचं एक बेअरिंग आजच आणून कपाटात ठेवलंत, तर चैत्रात तालुक्याला धावावं लागणार नाही.