बी.ए., स्पेशल समाजशास्त्र

कला शाखेत समाजशास्त्र 'स्पेशल'ला घेणाऱ्यांबद्दल स्टाफरूममध्ये फारसं बरं बोललं जात नाही. इंग्रजी झेपत नाही, अर्थशास्त्रात आकडे येतात, म्हणून उरलेला विषय घेतला, असं म्हणतात. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषयाचे 500 गुण असतात, त्या हिशेबाने आलेले काही असतात, पण त्यांचं लक्ष वर्गापेक्षा अभ्यासिकेत जास्त. मला विचाराल तर उरलासुरला विषय म्हणून आलेला, तालुक्याच्या गावचा मुलगा किंवा मुलगीच या विषयाची खरी धनी. पुस्तकात ज्याला जात, नातेसंबंध, स्थलांतर म्हटलंय, ते तिच्या घरी रोज घडतं. अडचण एवढीच, की तीन वर्षांत तिला हे कुणी विचारत नाही.

विषयाची सुरुवात अशी नव्हती. मुंबई विद्यापीठात 1919 साली विभाग निघाला तेव्हा पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस हे मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. शहर आधी पायी हिंडायचं, गल्ल्या, विहिरी, देवळं बघायची आणि मग नकाशाला हात घालायचा, ही त्यांची रीत. त्यांच्यानंतर 1924 मध्ये मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये आले. संस्कृतचे विद्वान, केंब्रिजचे पीएच.डी. स्वतः पोथ्यापुस्तकांत रमले, तरी विद्यार्थ्यांना गावोगाव पिटाळायचे. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई हे त्यांच्याच हाताखालून गेले आणि तिघेही पुढे आपापल्या वाटेने गुरूपासून लांब गेले. विद्यापीठाबाहेरचं सांगायचं तर त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' 1915चा, म्हणजे विभाग निघण्याच्याही आधीचा.

कर्वे आणि घुर्ये यांच्यातला वाद वर्गात नीट शिकवला, तर एक सत्र त्यावरच निघेल. घुर्यांच्या मते मूळ जात फुटत गेली आणि पोटजाती झाल्या. कर्व्यांनी ते उलटं केलं : आधीपासूनच वेगवेगळे असलेले, आपसातच लग्नं करणारे गट एका धंद्यामुळे एका नावाखाली आले. त्यांचं उदाहरण कुंभारांचं. महाराष्ट्रातले कुंभार एक नाहीत. थोरचाके वेगळे, लहानचाके वेगळे. चाक वेगळं, घडवण्याची पद्धत वेगळी आणि सोयरीक नाही. आता ज्या वर्गात कुंभार आळीतली पोरं बसलेली असतात, तिथे हे घरी जाऊन आजीला विचारून पडताळता येतं. सिद्धान्त खोडताही येईल. प्रत्यक्षात फळ्यावर 'जातीची वैशिष्ट्ये' येतात, मुद्दे सहा, आणि मुलं ती उतरवून घेतात.

आंबेडकरांच्या बाबतीत तर नवलच आहे. मे 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या चर्चासत्रात त्यांनी जातींवरचा निबंध वाचला. जातीचं मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे, आणि वरच्यांचं अनुकरण करत बाकीचे गटही स्वतःला बंद करून घेत गेले, असं त्यांनी मांडलं. श्रीनिवासांचं 'संस्कृतीकरण' 1952च्या पुस्तकातलं. टीवायच्या विद्यार्थ्याला संस्कृतीकरणावर टीप लिहिता येते. आंबेडकर मात्र त्याला राज्यशास्त्राच्या पेपरात, घटनेच्या प्रकरणात भेटायचे. हे बदलायला पुण्यात शर्मिला रेगे यांच्यासारख्या शिक्षिकेने वर्गात आणि लेखनात बरीच झुंज दिली. 2013 मध्ये त्या गेल्या, फार लवकर.

दुर्खीमचं 'आत्महत्या' हे पुस्तक 1897चं. आत्महत्येच्या प्रमाणामागे समाजाची घडण असते, एकट्याचं दुःख पुरेसं नसतं, हा त्याचा दावा. यवतमाळच्या किंवा वाशीमच्या कॉलेजात हे प्रकरण शिकवताना मास्तरांच्या तोंडून फ्रान्समधले कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट निघतात. वर्गातल्या एखाद्या घरात तहसीलची माणसं पंचनाम्याला येऊन गेलेली असतात. शेतकरी आत्महत्या मदतीला 'पात्र' की 'अपात्र', हे कर्ज कुणाकडचं होतं, सातबारा कुणाच्या नावावर होता, हे बघून समिती ठरवते. राबणाऱ्या बाईच्या नावावर जमीन नसेल तर ती शेतकरी म्हणून मोजली जाईलच असं नाही. म्हणजे आत्महत्येचे आकडे कचेरीत कसे घडतात, हा दुर्खीमवर पुढच्या अभ्यासकांनी घेतलेला मोठा आक्षेप. तो विदर्भातल्या मुलीला पुस्तकाआधी ठाऊक असतो. परीक्षेत तिला विचारतात : आत्महत्येचे प्रकार स्पष्ट करा. ती चार प्रकार लिहिते. गाईडात तेवढेच आहेत.

गाईडांना मी दोष देत नाही. मूळ ग्रंथ इंग्रजीत, मुलं मराठीत लिहिणारी. मधली जागा कुणीतरी भरणारच. इरावतीबाईंनी 'मराठी लोकांची संस्कृती' मराठीत लिहिली, पण तेवढ्यावर सहा सत्रं भागत नाहीत.

पुण्याहून नगर रस्त्याला वाघोली ओलांडली की लोणीकंद लागतं. पेशवाई बुडाल्यावर लगेच कंपनीचे सर्जन थॉमस कोट्स यांनी या गावाची पाहणी केली होती. घरं, पिकं, बलुतेदार, सगळं. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ गेल्यावर घुर्यांनी तेच गाव पुन्हा तपासलं आणि 1960 मध्ये त्यावर पुस्तक काढलं. आज त्या रस्त्याला गोदामं आहेत, कॉलेजं आहेत, भाड्याच्या खोल्या आहेत, आणि थोडं पुढे गेलं की कोरेगाव भीमा. तिसरी पाहणी करायला टीवायच्या एका वर्गाला यापेक्षा सोयीचं गाव मिळायचं नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या चौथ्या वर्षाची सोय आहे, त्यात संशोधनाचा प्रकल्पही आहे. कागदावर ही चांगली संधी. पण मार्गदर्शक म्हणून जो उभा राहील, तो बऱ्याच कॉलेजांत तासिका तत्त्वावरचा. वर्गात घेतलेल्या तासाचे पैसे मिळवणारा. पोरांना घेऊन तो दिवसभर गावात हिंडला, तर त्या दिवसाचे तास किती धरायचे, हे आधी ठरवावं लागेल.